ओट्सचा चॉकलेट बार: पौष्टिक किती, गोड किती?

ओव्हन नको, मैदा नको, पाक करायची कटकट नको. पाऊण तासाच्या कामात होणारा आणि मग फ्रिजमध्ये आपोआप घट्ट बसणारा चॉकलेट-ओट्स बार मुलांना आवडतो, आयांनाही पटतो. मात्र नावात ओट्स आहेत एवढ्यावर तो पौष्टिक ठरत नाही. घरी करताना नेमकं काय बदलायचं आणि कुणाला किती द्यायचा, याचा हा रोखठोक हिशोब.

शाळेतून परतलेलं मूल दप्तर कोपऱ्यात टाकतं आणि विचारतं, ‘आई, काय आहे खायला?’ पोहे, उपमा, थालीपीठ ही उत्तरं त्याला पाठ झालेली असतात. त्याला हवं असतं चॉकलेट. आईला हवं असतं पोटाला आधार देणारं काहीतरी. या रोजच्या भांडणात अलीकडे एका नव्या खाऊनं तडजोड घडवून आणली आहे. तो म्हणजे चॉकलेट-ओट्स बार! चकचकीत वेष्टण, त्यावर ओट्सच्या लोंबीचं चित्र, एखादं ‘एनर्जी’ किंवा ‘फायबर’सारखं भारदस्त बिरुद. मूल खूश, आई निर्धास्त.

पण निर्धास्त राहण्यासारखी परिस्थिती आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या खाऊत किती साखर असते, ते मुलांना फळ्यावर दिसावं, हा त्यामागचा हेतू. प्रौढांना होणारा मधुमेह आता लहान वयातही दिसू लागला आहे, ही त्यामागची काळजी.

अशा वेळी ‘पौष्टिक’ म्हणून हातात पडणारा खाऊ जरा उलटून पाहायला हवा.

वेष्टणाची मागची बाजू

पुढच्या बाजूला असते जाहिरात, मागच्या बाजूला असतात घटक. आपल्याकडच्या नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. तेव्हा पहिली तीन-चार नावं वाचली तरी पुरे. तिथे साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन यांपैकी दोन-तीन मंडळी दाटीवाटीनं बसलेली आढळली, तर समजावं की ओट्स पाहुणे आहेत, यजमान दुसरेच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेलं प्रमाण असं: वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. प्रौढ माणसाला हे पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, अर्थात सहा चहाचे चमचे. यात मध आणि सिरपही धरलेलं आहे. आपला गूळही याच हिशोबात बसतो. गुळाची चव खमंग असेल, थोडी खनिजंही असतील, पण त्याचा मोठा भाग साखरच. म्हणून ‘साखर नाही, भरपूर मध घातलाय’ हे वाक्य ऐकायला गोड, हिशोबाला नाही.

ओट्सचं पुण्य किती?

ओट्सची कीर्ती खोटी नाही. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतू असतो. पोटात गेल्यावर तो बुळबुळीत होतो, अन्न हळू पुढे सरकतं, भूक लवकर लागत नाही. शिवाय तो पित्ताम्लांना धरून बाहेर घेऊन जातो. मग नवी पित्ताम्लं तयार करण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. याच आधारावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सच्या वेष्टणावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली. पण अटीसह! दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं आणि एकूण आहारात संतृप्त चरबी कमी हवी.

आता गणित मांडू या. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी सुमारे ७५ ग्रॅम ओट्स लागतात. घरी केलेल्या बेताच्या आकाराच्या एका बारमध्ये ओट्स असतात जेमतेम ११ ग्रॅम. म्हणजे हृदयाची काळजी बारवर सोपवायची, तर दिवसाला सहा-सात बार खावे लागतील, आणि त्यांच्यासोबत हजारभर कॅलरी! त्यापेक्षा सकाळी ओट्सचा उपमा किंवा दुधातली लापशी खाल्लेली बरी. बार हा खाऊ आहे, औषध नव्हे. हे एकदा ध्यानात घेतलं की मग तो मजेत करता येतो.

लोणी आणि चिप्सची कृती

परदेशी पाकपुस्तकांत या बारची एक कृती सर्रास आढळते. ओट्स २७० ग्रॅम, लोणी २२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, चॉकलेट चिप्स १७० ग्रॅम आणि पीनट बटर १२५ ग्रॅम. याचे सोळा तुकडे केले, तर प्रत्येकात सुमारे २९० कॅलरी आणि जवळजवळ एक मोठा चमचा लोणी. ओव्हनमध्ये भाजलं नाही म्हणून ते हलकं झालं, असं थोडंच आहे?

या बारमध्ये लोणी आणि साखर घातली जाते ती चवीसाठी, तशीच ओट्सना एकत्र धरून ठेवण्यासाठी. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवता आलं, तर अर्धी लढाई जिंकली. आणि इथे मराठी स्वयंपाकघराला कुणी शिकवायला नको! शेंगदाण्याचा लाडू वळताना दाण्याचं तेल सुटतं आणि लाडू बसतो. खजुराच्या वड्यांत खजूर स्वतःच चिकट असतो. लोणावळ्याची चिक्की तरी काय, न भाजलेला बारच की! फक्त तिथे गुळाचा पाक लागतो. इथे पाकाला रजा देऊन खजूर आणि शेंगदाणे यांना कामाला लावायचं.

घरचा बार: साहित्य (सोळा तुकडे)

ओट्स १८० ग्रॅम (सुमारे दोन कप), बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, शेंगदाणे १२० ग्रॅम, कोको पावडर ४ मोठे चमचे, तीळ २ मोठे चमचे, खोबरेल तेल (खाण्याचं) किंवा साजूक तूप १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स. वरच्या थरासाठी ५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १ लहान चमचा खोबरेल तेल.

कृती

१. ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा. रव्यासारखा खमंग वास आला की उतरवा. बाजारातले चपटे ओट्स वाफवलेले असतात, त्यामुळे ते शिजवायची गरज नाही. भाजायचं ते चवीसाठी. यातले एक तृतीयांश ओट्स मिक्सरमधून भरडसर फिरवून घ्या.

२. तीळ वेगळे भाजा. शेंगदाणे भाजून, सोलून, कोमट असतानाच मिक्सरमध्ये फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा, मग तेल सुटून सैलसर लगदा. मिक्सर तापला तर मधे थांबा. सुरकुतलेले, काळपट किंवा कुबट वासाचे दाणे आधीच काढून टाका. त्यांवर बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्यानं पूर्ण जात नाही.

३. कढईत तेल किंवा तूप घालून चिरलेला खजूर मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, डावानं ठेचत राहा. फारच कोरडा असेल तर चमचाभर पाण्याचा हबका मारा. खजूर पाण्यात भिजवून वाटायचा मोह टाळा, ओलाव्यानं बार लवकर खराब होतो.

४. आच बंद करून खजुरात दाण्याचा लगदा, कोको, मीठ, इसेन्स घालून एकजीव करा. मग ओट्स आणि तीळ मिसळा. मूठ वळून पाहा. लाडवासारखा आकार धरला की झालं. भुरभुरीत वाटलं तर आणखी चमचाभर दाण्याचा लगदा घाला. चिकट वाटलं तर भरडलेले ओट्स.

५. साधारण आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये बटर पेपर अंथरून मिश्रण घाला आणि वाटीच्या बुडानं जोर लावून थापा. बार फुटतो तो बहुतेक वेळा इथेच हात राखल्यामुळे.

६. गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं कोरडं भांडं ठेवून त्यात चॉकलेट आणि लहान चमचाभर तेल वितळवा. पाण्याचा एक थेंबही आत जाता कामा नये, नाहीतर चॉकलेट घट्ट होऊन गोळा बनतं. पातळ थर पसरा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं सोळा तुकडे पाडा.

एका तुकड्यात साधारण १५० कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅम तंतू आणि ७ ग्रॅम साखर येते. त्यातली जवळजवळ सगळी खजुराची, चॉकलेटमधली जेमतेम ग्रॅमभर. २९० वरून १५० कॅलरी! पण खरं सांगायचं तर या फरकातलं बरंचसं श्रेय तुकड्याच्या आकाराला आहे. लोण्याचा बार ५५ ग्रॅमचा, हा ३५ ग्रॅमचा. घटक बदलले तरी तुकडा मोठा कापला, तर बचत गेली म्हणून समजा.

दुकानात घ्यायची काळजी

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट एक नव्हे. कोको पावडर कडू असते. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये मुख्यतः साखर असते. चॉकलेट घेताना घटकांत ‘कोको बटर’ शोधा. स्वस्तातल्या ‘कंपाउंड’ लाद्यांमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ओट्स साधे घ्या, ‘क्विक’ लिहिलेले छान बसतात, ‘रोल्ड’ जरा चावून खावे लागतात. ‘स्टील कट’ मात्र इथे उपयोगाचे नाहीत, ते न शिजवता टणक लागतात. आणि ओट्स म्हणजे जव नव्हे. जव हे वेगळं धान्य आहे, तेव्हा वाण्याकडे नाव नीट सांगावं. ओट्स मिळाले नाहीत किंवा महाग वाटले, तर भाजलेले पातळ पोहे आणि राजगिऱ्याच्या लाह्या यांचाही असाच बार होतो.

हवामानाचंही भान हवं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. इंदूर-नागपूरच्या थंडीत बार डब्यात टणटणीत राहील, मुंबईच्या किंवा चेन्नईच्या उकाड्यात मात्र चॉकलेटचा थर हाताला लागेल. शाळेच्या डब्यात द्यायचा असेल तर वरचा थर गाळा आणि कोको फक्त आत ठेवा. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा.

कुणाला किती?

शाळकरी मुलाला दिवसाला एक, तोही दूध किंवा फळासोबत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये, त्यामुळे मध घालून केलेला बार त्याच्यापासून दूरच. चार-पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दाणे बारीक वाटलेलेच हवेत, तुकडा घशात अडकू शकतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काही मुलांना असते. डबा वाटून खाणाऱ्या वर्गात हे आधी विचारलेलं बरं. गव्हातलं ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलेच ओट्स वापरावेत. साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ कारखान्यातच होऊ शकते.

घरातल्या मधुमेही आजी-आजोबांचं काय? ‘साखर नाही घातली, खा हो आजी’ असा प्रेमळ आग्रह इथे घातक ठरू शकतो. खजुराची साखर ही साखरच. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारून अर्धा तुकडा, आणि तो जेवणावर वरून नव्हे, तर दुसऱ्या खाऊच्या जागी. साखरेऐवजी कृत्रिम गोडी घालण्याची टूम निघते, पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दिला आहे. मधुमेहींना तो सल्ला लागू केलेला नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांनी खजूर दर खेपेला दहा-वीस ग्रॅमनं कमी करत जावा आणि दाण्याचा लगदा तेवढाच वाढवावा. जीभ महिना-दोन महिन्यांत कमी गोडाला सरावते.

सोळा तुकडे, घरात चार माणसं. म्हणजे चार दिवसांचा खाऊ. डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा दिसला, तर समजावं की कृती फक्कड जमली, हिशोब तेवढा चुकला!