बार किती इंची? जुन्नर-आंबेगावच्या सरपणाचा हिशेब

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा या गावांत शेती अवजारांच्या दुकानांची ओळच आहे. तिथे लाकूड कापायचे यंत्र, म्हणजे चेनसॉ, घ्यायला येणारे गिऱ्हाईक बहुधा दोनच आकडे विचारते: इंजिन किती सीसीचे आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, किती इंची. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते: 58 सीसी, 22 इंची. मोठा आकडा, कमी किंमत, म्हणजे सौदा पक्का. एवढा लांब बार नेमका कशासाठी लागणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. या लेखाचे म्हणणे असे की, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जे लाकूड खरोखर सरपण म्हणून जळते, त्याला 22 इंची बार लागतच नाही. लागते ते चांगले पेलणारे 45 ते 50 सीसीचे इंजिन, त्यावर 16 इंची, फार तर 18 इंची बार आणि धार लावलेली चेन. बार नेहमीच्या ओंडक्याच्या जाडीवरून ठरवावा आणि इंजिन लाकडाच्या कठीणपणावरून. कधीतरी कापावे लागेल अशा एखाद्या महावृक्षाच्या कल्पनेवरून यातले काहीच ठरवू नये.

आधी लाकडाकडे पाहू. या दोन तालुक्यांची पश्चिम आणि पूर्व बाजू म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या घाटमाथ्यावर पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हिरडा, जांभूळ, अंजन, ऐन अशी झाडे वाढतात. पूर्वेला पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी तिथे ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणला. बांधावर, ओढ्याकाठी आणि पडीक रानात राहिली ती बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब आणि थोडी निलगिरी. विकत मिळणारे सरपण मुख्यतः या पूर्वेकडच्या झाडांचे असते. गॅस घरोघर आला तरी अंघोळीचे पाणी तापवणारा बंब, पडवीतली चूल, लग्नाच्या स्वयंपाकाची भट्टी, ढाबा आणि स्मशानभूमी यांना लाकूड लागतेच. त्यातला बराचसा माल मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचा, म्हणजे तीन ते दहा-बारा इंचांचा असतो. बुंधा पंधरा-सोळा इंचांवर गेला की तो वखारीत फळ्यांसाठी जास्त भाव खातो. तो बंबात घालणे म्हणजे नुकसानच.

इथे एक गफलत वारंवार होते. दीड फुटाचे तुकडे करायचे म्हणून दीड फुटाचा बार हवा, असे अनेकांना वाटते. तुकड्याची लांबी आणि बारची लांबी यांचा एकमेकांशी संबंध नाही. चेन लाकडाच्या आडवी चालते, त्यामुळे बारला फक्त जाडी पार करायची असते. साधा नियम असा: नेहमीच्या ओंडक्याच्या व्यासापेक्षा बार दोन इंच जास्त असला की पुरे. दहा-बारा इंची मालाला 14 इंची बारही चालेल. 16 इंची घेतला की चौदा इंचांपर्यंतचा बुंधा एका बाजूनेच कापला जातो. त्याहून जाड लाकूड दोन्ही बाजूंनी कापता येते, म्हणजे 16 इंची बारने 28-30 इंचांपर्यंतचे खोडही कापले जाते. शिवाय दुकानात सांगितली जाणारी लांबी आणि प्रत्यक्ष लाकडात शिरणारी लांबी यांत थोडा फरक असतो. यंत्राच्या तोंडाशी असलेल्या खुंट्यांपासून टोकापर्यंतचे माप स्वतः घेऊन पाहावे.

लांब बार घेतला तर बिघडते काय? याचे उत्तर चेनच्या दातांत आहे. या आकाराच्या यंत्रांवर सर्रास येणाऱ्या 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधले सरासरी अंतर) चेनमध्ये कापणारे दात साधारण 1.3 इंचांच्या अंतराने बसवलेले असतात. बारा इंची ओंडक्यात एका वेळी सुमारे नऊ दात लाकडात असतात, तर वीस इंची खोडात पंधरा. इंजिनची ताकद या दातांत वाटली जाते. तीन किलोवॅटचे इंजिन नऊ दातांना प्रत्येकी 0.33 किलोवॅट देते. अडीच किलोवॅटचे इंजिन पंधरा दातांना 0.17 किलोवॅटच देऊ शकते. गणित ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा अर्थ पक्का आहे: मध्यम इंजिनावर लांब बार चढवून जाड लाकडात घातला, तर दात कापण्याऐवजी घासत बसतात. चेन तापते, लाकडाचा चुरा जाड ढलप्यांऐवजी पिठासारखा पडतो, क्लच घसरतो. बाभळीसारख्या लाकडात हे आणखी लवकर घडते, कारण ती घट्ट आणि जड असते. जळताना तिचा हाच गुण उपयोगी पडतो. एक किलो वाळलेली बाभूळ 4800 ते 4900 किलोकॅलरी उष्णता देते आणि तिचा निखारा टिकतो. कापताना मात्र त्याच घट्टपणाची किंमत मोजावी लागते. बार पातळ लाकडात असला तरी लांबीचा जाच संपत नाही. 22 इंची चेनवर 43 दात असतात, 16 इंचीवर सुमारे 33. दहा दात जास्त घासायचे, जास्त चेनला तेल पाजायचे आणि पुढचे जड टोक दिवसभर हातांनी तोलायचे, हे काम उगाचच वाढते.

आता सीसी. सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान; ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. व्यावसायिक बनावटीचे 50 सीसीचे यंत्र, उदाहरणार्थ श्टीलचे एमएस 261, तीन किलोवॅटच्या आसपास ताकद देते. त्याच कंपनीचे शेतकरी वर्गासाठीचे 45 सीसीचे एमएस 250 सुमारे 2.3 किलोवॅट देते. स्वस्त 58 सीसी यंत्रांच्या खोक्यावर बरेचदा सव्वादोन-अडीच किलोवॅटच लिहिलेले असते. म्हणजे सीसी जास्त असूनही ताकद तेवढीच किंवा कमी. ‘व्यावसायिक’ या शब्दाचा खरा अर्थ आकारात नसून बांधणीत आहे: मॅग्नेशियमचे क्रँककेस, हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंगा, जेणेकरून थरथर हातात उतरत नाही, कमीजास्त करता येणारा तेलपंप, उघडून झटकता येणारा मोठा एअर फिल्टर आणि आठ-दहा वर्षांनीही मिळणारे सुटे भाग. जो माणूस रोज चार-पाच तास लाकूड कापून पोट भरतो, त्याला हा खर्च परवडतो. वर्षाकाठी ट्रॉलीभर सरपण करणाऱ्या शेतकऱ्याला 45 सीसीचे मध्यम यंत्र पुरते. 22 इंची स्वस्त यंत्राची मात्र या दोघांपैकी कोणालाच गरज नाही.

यावर पहिला आक्षेप अर्थातच असा: ‘मोठे झाड पडले तर?’ आक्षेप खरा आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढले, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात झाडे मुळासकट आडवी झाली. हिरड्याचे एवढे नुकसान झाले की त्याच्या भरपाईची मागणी पुढे कितीतरी दिवस चालू राहिली. अशा वेळी जाड बुंधे समोर येतात. पण वादळ दरवर्षी येत नाही, सरपण मात्र दरवर्षी लागते. एका अपवादासाठी रोजचे हत्यार जड करणे शहाणपणाचे नाही. अशा कामासाठी 70 सीसीच्या पुढचे, 20 ते 25 इंची बारचे यंत्र गावात एखादे असावे. ते ग्रामपंचायतीकडे, शेतकरी गटाकडे किंवा अवजारे भाड्याने देणाऱ्या बँकेकडे असले तर उत्तम. चालवणाराही शिकलेला हवा, कारण वादळात पडलेल्या खोडात ताण साठलेला असतो. चुकीच्या बाजूने कापले तर ते उसळून माणसाला भिरकावते.

दुसरा आक्षेप पाठदुखीचा. जमिनीवर पडलेले लाकूड कापताना लांब बारने कमी वाकावे लागते, असे अनुभवी कामगार सांगतात. तेही खरे, पण त्याची किंमत वेगळ्या मार्गाने भरावी लागते. लांब बारचे टोक नजरेआड राहते आणि ओढ्याकाठच्या रेतीत किंवा मुरमात टेकते. अशा जमिनीला एकदा लागलेली चेन क्षणात बोथट होते. त्याहून मोठा धोका टोकाच्या वरच्या चतुर्थांशाचा. तो भाग दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की यंत्र वर उसळून थेट चालवणाऱ्याच्या मानेकडे, खांद्याकडे येते. चेनचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या घरात असतो. सावरायला वेळच मिळत नाही. सरपणाच्या ढिगात फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून तिथे आखूड बार जास्त सुरक्षित. पाठीसाठी खरा उपाय म्हणजे लाकूड दोन आडव्या ओंडक्यांवर किंवा लाकडी कैचीवर कमरेच्या उंचीला घेणे. चेन-ब्रेक चालतो का, हे दर सकाळी तपासावे. कान झाकायची टोपी, चष्मा, बूट आणि पायांना कापाविरोधी पॅड हे खर्चात धरूनच यंत्राची किंमत काढावी. चप्पल घालून चेनसॉ चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

तिसरा आक्षेप पैशाचा: स्वस्त यंत्र मोडले तर दुसरे घेऊ. यात यंत्राची किंमत धरली जाते, चालवण्याचा खर्च मात्र धरला जात नाही. बोथट चेन पेट्रोलही खाते आणि माणसालाही दमवते. म्हणून दर टाकीनंतर गोल कानशीने दोन-तीन घासे देणे ही सवयच हवी. कानस पिचप्रमाणे निवडावी: 0.325 च्या चेनला 4.8 मिलिमीटरची, लहान यंत्रांच्या बारीक चेनला 4 मिलिमीटरची. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल बहुतेक कंपन्या 1:50 प्रमाणात सांगतात, म्हणजे एका लिटरला 20 मिली. इथे नवी अडचण आहे. 2025 पर्यंत पंपावरचे पेट्रोल 20 टक्के इथेनॉलवर गेले. बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल पाणी शोषते आणि कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक करते. ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्याच उसापासून होणाऱ्या इथेनॉलची ही बाजूही लक्षात ठेवावी लागेल. मिश्रण थोडे करून लगेच वापरावे, हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत यंत्र चालवावे. बारच्या तेलाच्या जागी गॅरेजमधले जळके ऑइल घालण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यातले धातूचे कण पंप झिजवतात, ते तेल लाकडावर उडते आणि शेवटी घरातल्या चुलीत जळते. या बचतीचा धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो.

वेळेचाही यात वाटा आहे. ओली बाभूळ वाळलेल्या बाभळीपेक्षा बरीच सोपी कापली जाते, आणि जळताना उलट. निम्मे पाणी असलेले लाकूड वाळलेल्याच्या मानाने किलोमागे जवळपास निम्मीच उष्णता देते, कारण त्याचे निम्मे वजनच पाण्याचे असते आणि उरलेल्या लाकडाचीही काही उष्णता ते पाणी वाफवण्यात जाते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कापणे, लगेच कुऱ्हाडीने किंवा घण-पाचरेने फोडणे आणि मृग लागायच्या आत वाळवून छपराखाली रचणे, हे वेळापत्रक या भागाला बसते. फोडण्याचे काम कुऱ्हाडच करते. तिथे चेनसॉचा उपयोग नाही. ज्याचे सगळे सरपण फांदीजोगे आहे, त्याला कोयता आणि हातकरवत पुरेशी आहे, आणि चेनसॉ न घेणे हाही एक योग्य निर्णय ठरू शकतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. यंत्र आले की झाडे जातात, मग चांगले यंत्र सुचवायचेच कशाला? फिलिपीन्सने 2002 साली कायदा करून चेनसॉची नोंदणीच सक्तीची केली, त्यामागे हीच भीती होती. महाराष्ट्रात यंत्राऐवजी झाडावर नियंत्रण आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत हिरडा, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, अंजन, ऐन, साग अशी झाडे आहेत. ती खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्या यादीत नाहीत, तरी वाहतुकीचे नियम वन कार्यालयात विचारूनच घ्यावेत. 1985 साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात, शेकरूच्या या घरात, पडलेले लाकूडही मनाने उचलता येत नाही. आहुप्यासारख्या गावांच्या देवराया तर परंपरेनेच करवतीपासून दूर राहिल्या. आणि 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा कारणांच्या चर्चेत अतिवृष्टीबरोबर उतारावरच्या जमिनीत केलेले बदलही आले. तेव्हा उतारावर माती धरून ठेवणाऱ्या मुळांची किंमत सरपणात मोजता येत नाही.

या सगळ्याचा एकत्रित विचार केला तर लांब बारचा प्रश्न आपोआप सुटतो. या दोन तालुक्यांत ज्या झाडांचे बुंधे वीस-बावीस इंचांचे होतात, ती बहुतेक आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा अशीच असतात. ती कायद्याने राखलेली आहेत, आणि उभी राहून जास्त कमावून देणारीही. हिरड्याचे झाड दर उन्हाळ्यात बाळहिरडा देऊन आदिवासी कुटुंबाच्या हाती रोख पैसा देते. चुलीत त्याची किंमत एकदाच मिळते. जी झाडे कापून पुन्हा फुटतात, छाटली की दोन-तीन वर्षांत पुन्हा सरपण देतात, त्या सुबाभूळ-निलगिरीच्या फांद्या आणि खोडे 16 इंची बारच्या आवाक्यात असतात. म्हणजे यंत्र आखूड निवडले की सरपणही आपोआप योग्य झाडाचे येते. दुकानात विचारायचे ते एवढेच: किलोवॅट किती, वजन किती, चेनचा पिच कोणता, चेन-ब्रेक चालतो का, सुटे भाग आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावात मिळते का. बारच्या इंचांचा प्रश्न या सगळ्यांनंतर येतो, आणि त्याचे उत्तर आपल्याच बांधावरच्या बाभळीला टेप लावून घरूनच काढून न्यावे.