पुराची होडी : दुरुस्तीचा हिशेब पावसाआधी करा

कृष्णाकाठच्या गावांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ती आठवण तर अजून ताजी आहे. तरीही अनेक ग्रामपंचायतींच्या फायबर होड्या आज शाळेमागे नाहीतर देवळामागे पालथ्या पडल्यात. कुणाला भोक, कुणाचा कठडा फुटलेला.

मी काही नावाडी नव्हे. पण मागच्या उन्हाळ्यात एका गावात ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, "साहेब, ठेकेदारानं नुसता एक आकडा लिहून दिलाय. सभेत काय सांगू?" मग मिस्त्रीला घेऊन होडीपाशीच बसलो. तिथं जे कळलं ते सांगतो.

पहिलं काम ठोकून बघायचं. लाकडी मुठीनं होडीच्या अंगावर हळूहळू टकटक करत जावं. खणखणीत आवाज आला तर फायबर चांगलं. बद्द आवाज आला म्हंजे आतले थर सुटलेत, पाणी शिरलंय. तिथं खडूनं रेघ मारावी. या गावी डोळ्याला दिसत होतं वीतभर भोक, खडूची रेघ मात्र ३० बाय २० सेंटिमीटरची झाली. अंदाज चुकतो तो इथंच.

आता भोकाएवढा तुकडा चिकटवून भागत नाही. कडा उतरत्या घासाव्या लागतात, त्याही जाडीच्या बारापट. फायबर ५ मिलिमीटर जाड, म्हणून चहूबाजूंनी ६ सेंटिमीटर. काम झालं ४२ बाय ३२ सेंटिमीटर. ४५० ग्रॅमी मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर धरतो. पाच थर बाहेरून, दोन आतून आधाराला. कापाकापीतली नासाडी धरून मॅट अर्धा किलो. मॅटच्या अडीचपट रेझिन, म्हणजे सव्वा ते दीड किलो. बघा, सगळं सामान एका पिशवीत मावतं! मग पैसा जातो कुठं? मजुरीत.

घासणीला पाऊण दिवस, थर द्यायला अर्धा, दुसऱ्या दिवशी लांबी भरून गुळगुळीत करायला एक. म्हणजे मिस्त्री आणि मदतनीस मिळून अडीच दिवस धरावेत. पुढं सबंध होडीचा रंग. त्याचं माप सोपं आहे. दोरी एका काठापासून खालून दुसऱ्या काठापर्यंत घ्यावी, पुढं, मधे, मागं अशी तीनदा. आम्हाला ६, ९ आणि ८ फूट मिळाली. सरासरी पावणेआठ धरली. लांबी १६ फूट, म्हणजे सुमारे १२४ चौरस फूट. एक लिटर रंग किती जागेला पुरतो ते डब्यावर छापलेलं असतं, दोन हातांचा हिशेब करावा. जुना रंग घासायला दोन गडी दोन दिवस, रंगाला मिस्त्री व मदतनीस एक दिवस. बेरीज केली तर मिस्त्री साडेतीन दिवस, मदतनीस साडेसात. याला आपल्या भागातली मजुरी लावा, सामानाची दोन दुकानांची कोटेशनं जोडा आणि घासल्यावर आणखी खराबी निघते म्हणून पाचवा हिस्सा वाढीव ठेवा. ठेकेदाराचा आकडा याच्या आसपास असला तर ठीक, दुप्पट असला तर तपशील मागावा. फारच कमी असला तर जास्त सावध व्हा. नुसती लांबी भरून वर रंग फासलेली होडी काठावर देखणी दिसते, पाण्याच्या धक्क्याला तोच तुकडा निघतो.

काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. ओल्या फायबरवर थर धरत नाही, आणि जूनच्या दमट हवेत वाळवण होत नाही. उन्हातही करू नये, रेझिन डब्यातच थिजतं. सावलीत थोडं थोडं कालवावं, हार्डनर किलोला १० ते २० मिलिलिटर. कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागावं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र ओतले तर भडका उडतो. घासताना काचेची धूळ उडते, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पोरांना लांब ठेवा, आणि विडी तर मुळीच नको.

दुरुस्तीनंतर होडी उथळ पाण्यात दोरीनं बांधून, आत वाळूची पोती ठेवून दोन तास ठेवावी. आतून थेंब आला नाही तरच बिलावर सही करावी.