जुनी जिप्सी की नवी थार?

वाचकहो, डोंगरवाटेसाठी वापरलेली गाडी घेताना केवळ किमतीला भुलू नये. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी वजनाने हलकी, रचनेने साधी. गावचा मिस्त्रीही ती दुरुस्त करू शकतो. परंतु तिचा खालचा सांगाडा गंजलेला नाही ना, हे वाकून पाहावे; १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, हेही ध्यानी ठेवावे. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये जिप्सीत नसलेल्या एअरबॅग आहेत. मात्र २०२३ पासून केवळ मागील चाकांना गती देणारी थारही निघाली आहे. तेव्हा पारखून घ्यावे. शेतापुरती हवी असेल, तर निकोप जिप्सी पुरे. मुलाबाळांना नित्य घाटातून न्यायचे असेल, तर चार पैसे अधिक मोजावेत. जिवापुढे पैशाची काय मातब्बरी?