स्लॅबखालची झोप

उन्हाळ्याच्या रात्री लहान मूल झोपत नाही याचे कारण बहुतेक घरांत त्या वेळच्या हवेत शोधले जाते आणि पंख्याचा वेग वाढवणे किंवा खिडकी उघडणे एवढ्यावरच उपाय थांबतात. वस्तुतः मुलाला रात्री छळणारी उष्णता बऱ्याच अंशी दुपारची असते आणि ती हवेपेक्षा छतात व भिंतींत साठलेली असते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उन्हात तापतो, पण ती उष्णता त्याच्या खालच्या बाजूपर्यंत उतरण्यास काही तास लागतात, आणि या उशिरालाच औष्णिक विलंब म्हणतात. विटांची जाड भिंत त्याहून अधिक वेळ घेते. त्यामुळे सूर्य मावळून बाहेरची हवा निवू लागते तेव्हाही छताची आतली बाजू तापलेलीच असते, आणि लहान मुलांची निजण्याची वेळ या तापाच्या ऐन भरात येते. तापलेला पृष्ठभाग हवेची मध्यस्थी न घेता, प्रारणाने म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णकिरणांनी, खाली झोपलेल्या देहाला तापवीत राहतो. तापमापक दोन्ही ठिकाणी ३१ अंशच दाखवीत असला तरी गच्चीखालच्या खोलीत जीव घुसमटतो आणि तळमजल्यावर तेवढा घुसमटत नाही, याचे कारण हेच आहे.

मजल्याचा हा फरक किती गंभीर ठरू शकतो हे अहमदाबादेत दिसून आले. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तेथील शारदाबेन रुग्णालयात उष्णतेने आजारी पडलेल्या नवजात बालकांची संख्या वाढली, तेव्हा डॉक्टरांनी नोंदी तपासल्या आणि प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावर असताना अशी बालके अधिक संख्येने दाखल होत होती व कक्ष खाली हलविल्यानंतर त्यांचे प्रमाण घटले, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा जो आराखडा आखला, तो दक्षिण आशियातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो. ज्या घरात दोन खोल्यांपैकी एक निवडणे शक्य आहे तेथे पश्चिमेची भिंत आणि उघडा स्लॅब टाळून मुलाचे अंथरूण दुसरीकडे हलविणे हा बिनखर्चाचा उपाय कोणत्याही यंत्राच्या आधी येतो.

लहान मुलाला या उष्णतेचा त्रास मोठ्यांहून अधिक का होतो, हे त्याच्या शरीराच्या मापावरून समजते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे भोवतालचे पृष्ठभाग व हवा त्वचेपेक्षा गरम असतील तर ते लवकर तापते. घाम येण्याची यंत्रणा तान्हेपणी पुरती सक्षम झालेली नसते. आणि पांघरूण लाथाडणे किंवा पाणी मागणे हेही त्याच्या हाती नसते. झोप लागताना शरीराचे अंतर्गत तापमान थोडे उतरावे लागते, आणि त्यासाठी हातापायांच्या व चेहऱ्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकली जाते. ही वाट बंद झाली की मूल थकलेले असूनही कुरकुरत राहते. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे उष्णता बाहेर टाकण्यात त्याचा वाटा बराच असतो. कडक उन्हाळ्यातही रात्री टोपडे बांधण्याची अनेक घरांतील रीत म्हणूनच सोडून द्यावी लागते, मग घरातील आजीबाईंचा आग्रह कितीही प्रेमाचा असो. झोपेतील अतिउष्णता हा तान्ह्यांच्या अचानक मृत्यूशी निगडित असलेला एक धोका असल्याचे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. डोके उघडे ठेवणे, पाठीवर निजविणे आणि जाड दुलया व उशा दूर ठेवणे हे सल्ले असा मृत्यू टाळण्यासाठीच दिले जातात. मुलाला उकडते आहे की नाही हे हातापायांवरून कळत नाही, कारण ते एरवीही थंड लागू शकतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. दूध मात्र अधिक वेळा पाजावे लागते. अंग तापून मूल सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर खोलीचा विचार सोडून थेट डॉक्टरांकडे जावे.

खोली किती अंशांवर असावी या प्रश्नाला ब्रिटनमधील बालसंगोपनाच्या सल्ल्यांत १६ ते २० अंश असे उत्तर दिलेले असते आणि ते हल्ली भारतीय पालकांपर्यंतही पोहोचते. परभणीच्या मे महिन्यात त्याचा उपयोग चिंता वाढविण्यापलीकडे फारसा नाही. माणूस ज्या हवामानात राहतो त्याला त्याचे शरीर व सवयी जुळवून घेतात, हे तत्त्व भारतातील इमारतींमध्ये तपासून २०१४ मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी भारतासाठी अनुकूल सुखदतेचे एक प्रारूप मांडले, आणि भारतीय माणसाला परदेशी मानकांहून अधिक तापमानातही सुखावह वाटते असे त्यातून दिसले. तो अभ्यास कार्यालयांचा होता, पाळणाघरांचा नव्हे, हे खरे. तरीही एसी असलेल्या घरात तो २४ ते २६ अंशांवर ठेवणे आणि झोत मुलावर थेट येऊ न देणे पुरेसे ठरते. तारांकित एसी २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम भारतात जानेवारी २०२० पासून आहे. खोली १८ अंशांपर्यंत गारठवून मुलावर ब्लँकेट घालण्याचा प्रकार मात्र विजेचे बिल आणि आरोग्य या दोहोंच्या मुळावर येतो.

ज्यांच्याकडे एसी नाही, आणि असे पालक बहुसंख्य आहेत, त्यांचे रात्रीचे काम सकाळीच सुरू होते. बाहेरची हवा आतल्या हवेहून गरम होऊ लागली की खिडक्या बंद करणे आणि रात्री ती निवल्यावर त्या समोरासमोर उघडणे, हा साधा नियम वाड्यांत पाळला जात असे. फ्लॅटमध्ये तो विसरला गेला. पडदा आतून लावण्यापेक्षा खिडकीबाहेर बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट बांधणे कितीतरी परिणामकारक असते, कारण ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता खोलीतच अडकते. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिल्यास स्लॅब मुळात कमी तापतो. मराठवाडा-खानदेशातील जुन्या माळवदांना जाड मातीच्या थराने जे साधत होते, ते येथे रंगाने थोडेफार साधते, फक्त सोसायटीच्या बैठकीत त्यासाठी मंजुरी मिळवावी लागते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्याने स्लॅब लवकर निवतो हेही खरे, पण जेथे पिण्याचे पाणीच टँकरने येते तेथे हा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे.

छताचा पंखा हवा थंड करीत नाही. तो घामाची वाफ लवकर होऊ देतो, आणि तापलेल्या स्लॅबखाली तर वरची गरम हवाच खाली ढकलतो. गच्चीखालच्या खोलीत बाहेर निवल्यावर टेबलफॅन खिडकीजवळ ठेवून बाहेरची हवा आत ओढणे अधिक उपयोगी पडते. अंथरुणाचे मर्मही हवेतच आहे. फोमची गादी आणि तिच्यावरची रबरी शीट मुलाच्या पाठीची उष्णता कोंडून ठेवतात, तर सुती चादर घातलेली चटई किंवा पातळ, घट्ट कापसाची गादी घाम टिपून घेते. साडीच्या झोळीत मूल चटकन झोपते, पण कापड त्याला सर्व बाजूंनी वेढून वारा अडवते. उकाड्यात झोप लागताच त्याला सपाट अंथरुणावर ठेवणे बरे. तेल लावून वर पावडर थापल्याने घामोळे कमी न होता घामाची छिद्रे बुजतात, शिवाय पावडरीची धूळ श्वासात जाते.

कूलरच्या बाबतीत विदर्भ आणि कोकण यांना एकच सल्ला देता येत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो आणि वाळ्याच्या ताट्याही याच तत्त्वावर खोली गार करीत असत. मात्र वाफ किती होईल हे हवेत आधीच किती ओल आहे त्यावर ठरते, आणि ते मोजण्यासाठी तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात, कारण हवा बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती निवेल हे तो दाखवितो. नागपुरात हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर असा तापमापक सुमारे २४ अंशांवर येतो, म्हणजे कूलरला १८ अंशांचा वाव मिळतो. मुंबईत ३३ अंश व ६५ टक्के आर्द्रतेला तो २७ अंशांच्या खाली जातच नाही, आणि कूलर थोड्याशा गारव्याच्या बदल्यात खोलीत ओल भरतो व घाम वाळणेच थांबवतो. म्हणून किनारपट्टीवर आरपार वारा, सुती कपडे आणि निजण्यापूर्वी कोमट पाण्याने पुसलेले अंग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

विदर्भातही कूलर लावून खिडक्या बंद करणाऱ्या घरांत मध्यरात्रीनंतर मुंबईच होते. आलेल्या हवेला समोरून बाहेर जाण्यास वाट हवीच. लोखंडी पत्र्याचा कूलर मुलाच्या हाताच्या टप्प्यात येत असल्यास अर्थिंगची तपासणी कोणत्याही गारव्याहून महत्त्वाची असते, आणि टाकीतले पाणी निदान आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती घासावी लागते, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. जूनमध्ये मोसमी वारे विदर्भात पोहोचले की हवेतील ओल वाढते आणि तोच कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा टाकी रिकामी व कोरडी करून नुसता त्याचा पंखा चालविणे, हेच त्या पुढच्या चिकट रात्रींसाठी योग्य असते.