चांदीचे मोल आणि डबीचे मोल

आमच्या आजीच्या गळ्यात बारा कलदार रुपयांची माळ असे. गेल्या वर्षी घरी पैशाची निकड पडली, तेव्हा ती सोनाराकडे न्यावी लागली. सोनाराने प्रत्येक नाण्यावरचे साल पाहिले आणि पाच रुपये बाजूला काढले. “ह्यांत चांदी निम्मीच आहे,” तो म्हणाला. आजीला वाटले, आपण फसलो. मी शोध घेतला तेव्हा कळले की सोनार खरेच बोलला होता.

ब्रिटिश अमदानीतील रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासली आणि 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. 1947 चा रुपया तर निकेलचाच! राजा तोच, परंतु मोल बदलले.

आपल्या सिरोंच्याला ही गोष्ट नवी वाटू नये. प्राणहिता-गोदावरीच्या अलीकडे ब्रिटिशांचा कलदार चाले, तर पलीकडे निजामाच्या राज्यात हाली सिक्का. हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे 82 टक्के. म्हणून सहा कलदारांना सात हाली असा हिशेब असे. दोन्हींतील चांदी तोलून पाहिली तर हे प्रमाण जवळजवळ बरोबर येते. म्हणजे नाण्यावर कोणाचेही नाव असो, पारड्यात चांदीच बोलत होती.

आता दुसरा प्रकार पाहू. अमेरिकेत 1986 पासून ‘सिल्व्हर ईगल’ नावाचे शुद्ध चांदीचे नाणे निघते. वजन एक औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. तेथे नाण्यांची परीक्षा करणाऱ्या कंपन्या आहेत. त्या नाणे तपासून 1 ते 70 पर्यंत गुण देतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. सोनारानेच कान टोचावेत, तसाच हा प्रकार. 70 गुणांच्या नाण्याला लोक चांदीच्या कितीतरी पट किंमत देत.

मात्र पुढे ह्या जादा किमती घसरत गेल्या. असे का झाले? जुने नाणे शेकडो हातांतून फिरते, झिजते. त्यातून एखादे कोरे राहिले तर ते खरोखर दुर्मिळ. परंतु आजचे नाणे यंत्रातून निघून थेट डबीत जाते. मग त्याला 69 किंवा 70 गुण मिळाले तर नवल काय? दरवर्षी अशा डब्या वाढतच जातात, घेणारे मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. जिथे सगळेच पहिले, तिथे पहिल्या नंबराला किंमत ती काय? ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीने औंसाला 50 डॉलरची मर्यादा ओलांडली, पण चांदी महागली म्हणून डबीही महागत नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाण्याच्या किमतीत दोन वाटे असतात: एक धातूचा, दुसरा हौसेचा. धातूचा वाटा बाजारभावाने वरखाली होतो, तरी तो कोणत्याही सोनाराकडे वसूल होतो. हौसेचा वाटा मात्र तशीच हौस असलेला गिऱ्हाईक भेटला तरच हाती येतो. धनत्रयोदशीला सुंदर वेष्टनातील नाणे घेणाऱ्याने वजन, शुद्धता आणि त्या दिवसाचा भाव ह्यांचा गुणाकार करून पाहावा. वर जे उरेल ते घडणावळ, कर आणि हौस ह्यांचे. हौस करण्यात गैर काही नाही. तिला बचत म्हणणे मात्र चूक.

आजीने माळेतील दोन रुपये राखून ठेवले आहेत. त्यांना कडी डाखलेली आहे आणि वर्षानुवर्षे चिंचेने घासून ते लखलखीत झाले आहेत. त्या कंपन्यांच्या नियमाने अशा नाण्यांना गुणच मिळत नाहीत. मी आजीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मला कुठं परीक्षेला बसायचंय?” आणि तिने ते पुन्हा दोऱ्यात ओवले.