कमांडोच्या मनगटावर शेळ्यांचं गणित

चौसाळ्याच्या एका तरुण वाचकाने विचारलंय : "माझ्या घड्याळावर ‘वॉटर रेझिस्टंट ५० मीटर’ असं लिहिलंय. आमची विहीर काठापासून तळापर्यंत मोजली तरी पंधरा मीटर भरणार नाही. उन्हाळ्यात मुटका मारला आणि वर येऊन बघतो तर काचेच्या आत वाफ! यात लबाडी कुणाची? आणि नौदलाचे कमांडो वापरतात तसलं भारी घड्याळ घेतलं तर हा प्रश्न सुटेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण दुसऱ्यात मी रमणार आहे.

पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ५० मीटरचा दावा हा पाच वातावरणांचा दावा. त्यावर दुकानदार एक ठरलेलं उत्तर देतात : पोहताना हात जोरात हलतो, त्याने दाब कैक पटींनी वाढतो. हे गणितात बसत नाही. सेकंदाला दहा मीटर या वेगाने हात पाण्यात फिरवला (कुणी फिरवून दाखवावाच!) तरी वाढणारा दाब अर्धं वातावरण, म्हणजे पाच मीटर पाण्याइतका. उडीचं गणित तर फारच देखणं आहे. जितक्या उंचीवरून उडी मारावी तितक्याच खोलीच्या पाण्याएवढा जादा दाब त्या वेगातून येतो. दहा मीटरवरून उडी, तर दहा मीटरचा दाब. समीकरणात दोन्हीकडची घनता आणि गुरुत्वाकर्षण कटून जातं आणि हातात फक्त उंची उरते. पाण्यावर सपाट आपटलात तर क्षणभर याहून मोठा तडाखा बसतो, पण त्यात घड्याळाआधी छाती लाल होते.

मग पाणी शिरलं कसं? बहुधा तीन आरोपी. काचेखालची, मागच्या झाकणाची किंवा चावीच्या दांडीवरची रबरी रिंग. ती घामाने, साबणाने आणि वयाने कडक होते. दुसरी, जरा बाहेर राहिलेली चावी. आणि तिसरा आरोपी आपल्याकडचा खास : ऊन. मे महिन्यात मनगटावरचं घड्याळ ५० अंशांपर्यंत तापलं आणि २५ अंशांच्या पाण्यात गेलं, तर आतल्या हवेचा दाब जवळजवळ आठ टक्क्यांनी घटतो. रिंग थकलेली असेल तर घड्याळ स्वतःच पाणी आत ओढून घेतं. साध्या घड्याळांसाठीच्या आयएसओ २२८१० या मानकात नव्या घड्याळांतले काही नमुने तपासले की भागतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ तपासायचं, तेही छापलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली. शिवाय ते तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब सोडायचा आणि आत धुकं धरतं का ते बघायचं. तेव्हा लबाडी म्हणता येणार नाही. पण तो ५० आकडा नव्या कोऱ्या घड्याळाचा आहे, तीन उन्हाळे पाहिलेल्या घड्याळाचा नव्हे.

आता ते ‘कमांडोचं’ घड्याळ. जाहिरातींत अशी सगळी घड्याळं एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात घराणी दोन आहेत आणि त्यांचे प्रश्नही वेगळे होते.

पहिलं घराणं इटलीचं. फ्लॉरेन्सच्या पानेराई या दुकानाने १९३६ साली इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी घड्याळाचे नमुने बनवले. यंत्र आणि डबी रोलेक्सकडची. व्यास ४७ मिलिमीटर, आकडे ठसठशीत आणि त्यांवर रेडियम मिसळलेला चमकता रंग. नौदलाचे हे सैनिक दोघं-दोघं मिळून पाणतीरावर स्वार होत, शत्रूच्या बंदरात शिरत आणि जहाजाच्या पोटाखाली स्फोटकं लावत. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे अशा सहा जणांनी अलेक्झांड्रिया बंदरात ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन युद्धनौका तळाला बसवल्या. अशा माणसाला घड्याळाकडून दोनच गोष्टी हव्या होत्या : काळोखात वेळ दिसावी आणि पाणी आत येऊ नये. गंमत म्हणजे त्या घड्याळांवर आज पाणबुड्यांच्या घड्याळाची ओळख बनलेलं, काचेभोवतीचं फिरतं कडंच नव्हतं. का नव्हतं, ते पुढे येईल.

(रेडियमबद्दल एक खबरदारी. जुन्या बाजारात अशी घड्याळं मिळतात. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. चमकणारा रंग काही दशकांत मरतो, किरणोत्सार मरत नाही. अंधारात चमकत नाही म्हणून ते निरुपद्रवी समजून झाकण उघडायला बसू नका.)

अलेक्झांड्रियात झालं त्याच जातीचं काम तीस वर्षांनी आपल्याकडच्या एका मराठी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या तरुणांना प्लासीजवळ भागीरथीच्या पाण्यात पोहण्याचं आणि सुरुंग चिकटवण्याचं शिक्षण देण्यात आलं. या गुप्त मोहिमेची सूत्रं होती एम. एन. आर. सामंत यांच्याकडे. ‘करंज’ या पाणबुडीचे हे पहिले कप्तान. पुढे महावीरचक्राचे मानकरी. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, चांदपूर, नारायणगंज अशा बंदरांत जहाजांना सुरुंग लागले. मोहिमेचा इशारा आकाशवाणीवरच्या ठरलेल्या गाण्यांतून गेला. सुरुंगाची वेळ ठरवायला पाण्यात विरघळणारी वडी होती. ती विरघळली की चाप सुटायचा. पण पोहताना ती आधीच विरघळू नये म्हणून तिच्यावर चक्क निरोध चढवला होता. पाणी बाहेर ठेवण्याचा, लाखो रुपयांच्या घड्याळातला जो मूळ प्रश्न, तो इथे काही पैशांच्या रबराने सोडवला. ‘युद्धात तावून सुलाखून निघालेलं’ अशी जाहिरात वाचली की मला ती वडी आठवते.

आता दुसरं घराणं, आणि माझा आवडता माणूस.

जॉन स्कॉट हॉल्डेन हे स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ. ब्रिटिश नौदलापुढे प्रश्न होता की खोल पाण्यातून वर आलेले पाणबुडे सांध्यांच्या वेदनांनी तळमळतात, लुळे पडतात, कधी मरतात. ते का आणि त्यावर उपाय काय. कारण अंदाजाने माहीत होतं. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात. पण किती सावकाश यायचं, याचा हिशेब कुणाकडे नव्हता. हॉल्डेननी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी टाकी बसवली आणि तिच्यात शेळ्या भरल्या. हो, शेळ्याच. सहज मिळणाऱ्या जनावरांत त्या आकाराने माणसाच्या जवळ होत्या. दाब चढवायचा, उतरवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडे झालेली शेळी पुढचा एक पाय उचलून धरते. उस्मानाबादी शेळ्या सांभाळणाऱ्या बीड-धाराशिवच्या कुणालाही हे निरीक्षण करता आलं असतं. लंडनच्या डॉक्टरांना ते करायला टाकीच्या खिडकीला डोळा लावून बसावं लागलं.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की दाब किती उतरला यापेक्षा किती पटीने उतरला हे महत्त्वाचं. निम्म्यावर आणला तर शेळी सुखरूप. म्हणजे दहा मीटरवरून, दोन वातावरणांतून, सरळ वर आलं तरी चालतं. चाळीस मीटरवरून मात्र टप्प्याटप्प्यानेच यायला हवं. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. शरीर एकजिनसी नाही. धुण्याच्या दिवशी धोतर आणि गोधडी एकाच वेळी पाण्यात टाका. धोतर क्षणात भिजतं आणि दोरीवर तासाभरात वाळतं. गोधडी सावकाश पाणी पिते आणि संध्याकाळी चाचपली तरी आतून ओलीच. नायट्रोजनच्या बाबतीत रक्त भरपूर मिळणारे अवयव धोतरासारखे, तर चरबी आणि सांध्यांभोवतीचा भाग गोधडीसारखा. म्हणून पाण्याखाली पाच मिनिटं राहिलेल्या माणसाचं धोतरच भिजलेलं असतं, तासभर राहिलेल्याची गोधडीही. दोघं एकाच खोलीवर गेले असले तरी वर येण्याचा हिशेब वेगळा. हॉल्डेननी शरीराचे असे पाच कप्पे कल्पिले, निम्मे भरायला ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं लागणारे, आणि त्यांवरून तक्ते मांडले. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा प्रबंध १९०८ साली प्रसिद्ध झाला.

त्या क्षणापासून पाणबुड्याला मिनिटं मोजणं भाग पडलं. त्याआधी घड्याळ सोयीचं होतं. आता ते हवेच्या नळीइतकं गरजेचं झालं.

१९५२-५३च्या सुमारास फ्रेंच सैन्यदलांचे रोबेअर मालूबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी आपल्या पाणबुड्या तुकडीसाठी घड्याळ शोधत होते. त्यांची गाठ पडली ब्लांपँ कंपनीच्या जाँ-जाक फिश्तेर यांच्याशी. ते स्वतः हौशी पाणबुडे. कंपनीच सांगते की एकदा वेळेचं भान सुटून ते पाण्याखाली हवा संपण्याच्या प्रसंगातून गेले होते. १९५३ साली आलेलं ‘फिफ्टी फॅदम्स’ हे या घराण्याचं मूळ. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच्या काचेभोवती ते प्रसिद्ध फिरतं कडं होतं. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कड्यावर जो आकडा दाखवेल तितकी मिनिटं पाण्याखाली झाली. बेरीज-वजाबाकी नाही. नंतरच्या घड्याळांत हे कडं एकाच बाजूने फिरतं. धक्का लागून ते सरकलंच तर झालेली मिनिटं जास्त दिसावीत, म्हणजे माणूस लवकर वर येईल. बिघाडही सुरक्षित बाजूलाच व्हावा, ही अभियंत्यांची अक्कल मला हिऱ्यांपेक्षा मौल्यवान वाटते.

आता पानेराईवर कडं का नव्हतं तेही उलगडतं. इटालियन पाणबुडे शुद्ध ऑक्सिजन घेत. नायट्रोजनच नाही, तर मोजायचं काय? पण शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरखाली मेंदूला विषारी ठरू लागतो. हे विष किती आणि कसं चढतं, ते दुसऱ्या महायुद्धात टाकीत बसून स्वतःच्या शरीरावर तपासणारे होते जे. बी. एस. हॉल्डेन, शेळ्यांच्या हॉल्डेनचे चिरंजीव. झटके येऊन त्यांच्या मणक्याला इजा झाली. तेराव्या वर्षी, १९०६ साली, वडिलांच्या प्रयोगात त्यांनी स्कॉटलंडच्या समुद्रात बुडी मारली होती. पोशाख ढगळ, मनगटापाशी घट्ट बसेना, म्हणून आत पाणी शिरत गेलं. हेच जे. बी. एस. १९५७ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपण त्यांना आनुवंशिकीसाठी ओळखतो. पाणबुड्यांनी त्यांना दुसऱ्या कारणासाठी आठवायला हवं.

हॉल्डेनच्या तक्त्याला दोन आकडे लागतात, वेळ आणि खोली. घड्याळ एकच देतं. दुसरा आकडाही काट्याने घड्याळावरच दाखवण्याची कामगिरी केली ती आपल्या ओळखीच्या कंपनीने : फेव्हर ल्युबा. १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करणारी, मुंबईत बस्तान बसवलेली. तिची ‘सी चीफ’, ‘सी किंग’ घड्याळं अनेक मराठी घरांत आजोबांच्या मनगटावर होती. नावात समुद्र असला तरी बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. याच कंपनीच्या १९६८च्या ‘बाथी’ या घड्याळात मागे पातळ पडदा होता. पाण्याच्या दाबाने तो आत दबे आणि काटा खोली दाखवी. या घड्याळाला खऱ्या अर्थाने वैज्ञानिक उपकरण म्हणावं. प्रसिद्धी मिळाली ती चित्रपटांत झळकलेल्यांना. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या मनगटावर पानेराई चढलं आणि नौदलाबाहेर जेमतेम माहीत असलेली ती कंपनी काही वर्षांत श्रीमंतांचं वेड बनली.

पुढे तर खोल समुद्रातल्या कामात घड्याळाचा हेतूच संपला. बॉम्बे हायच्या तेलविहिरींपाशी काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस दाबाच्या खोलीतच राहतात. गोधडी एकदा पूर्ण भिजली की आणखी भिजत नाही. मग तास असो की आठवडा, वर येण्याचा हिशेब एकच. साधारण दर तीस मीटरला एक दिवस. माझगाव डॉकमध्ये १९८५ साली बांधलेल्या ‘निरीक्षक’ या जहाजावरून आपल्या नौदलाचे पाणबुडे २५७ मीटरपर्यंत जाऊन आलेत. तिथे श्वासात हेलियम असतो. त्याचे इवलेसे अणू रबरी रिंगांतून घड्याळात शिरतात आणि वर येताना बाहेर पडायला इतकी घाई करतात, की काच उडू शकते. त्यासाठी भारी घड्याळांना झडप असते. दाबाच्या खोलीत न राहणाऱ्याला, म्हणजे विकत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला, ती कधीच लागत नाही. आणि बाकीच्या पाणबुड्यांच्या हातात आता छोटा संगणक असतो. तो क्षणाक्षणाला कप्प्यांचा हिशेब करतो. कप्पे वाढले, आकडे सुधारले, पण पद्धत हॉल्डेनचीच.

तेव्हा चौसाळ्याच्या मित्रा, विहिरीसाठी रिंगा बदलून घे, चावी दाबून बघ आणि तापलेलं घड्याळ घेऊन उडी मारू नकोस. समुद्राखाली जायची हौस असेल तर तारकर्ली-मालवणला जा. तिथे नवख्याला प्रशिक्षकासोबत जेवढ्या उथळ पाण्यात नेतात, ती खोली शेळ्यांनी सुखरूप ठरवलेल्या दहा मीटरांच्या आसपासच असते, म्हणून मनगट मोकळं असलं तरी बिघडत नाही. फक्त वर येताना श्वास रोखू नकोस. छातीतली कोंडलेली हवा फुगते, आणि त्या चुकीला कोणतंही घड्याळ वाचवत नाही.