अब्बांचे असील

‘असील’ हा शब्द अरबीतला. अर्थ अस्सल, खानदानी. आपला मराठी ‘अस्सल’ही त्याच घराण्यातला. ज्या कोंबड्यांना हे नाव मिळालं त्या दिसायलाही तशाच: मान ताठ, पाय जाडजूड, तुरा चिमुकला, अंग घट्ट. अंडी मात्र फारच कमी. अंड्यांच्या धंद्यासाठी ही जात कुणी पाळत नाही, शौकासाठीच पाळतात.

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा परसात एक नर आणि दोन माद्या उरल्या होत्या. अम्मी म्हणाली, “विकून टाक. आता कोण बघणार त्यांच्याकडे?” मी म्हटलं, एकदा पिल्लं काढून बघू दे.

पहिल्या खेपेला काळसर कोंबडीखालून पिवळीधमक पिल्लं निघाली. शेजाऱ्यांचा पांढरा कोंबडा कुंपणावरून येत होता, हे मला ठाऊकच नव्हतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं: नर दूर केला तरी त्याचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून आधी जाळी बांधली, माद्यांना आपल्याच नराबरोबर आत ठेवलं आणि सुरुवातीच्या तीन आठवड्यांची अंडी सरळ तव्यावर गेली. मुलं खूश!

तोवर एका मादीनं अंडी देणं बंद केलं होतं. आता सगळी भिस्त म्हातारीवर. तिची सात अंडी जमली. न धुता, निमुळतं टोक खाली ठेवून, थंड कोपऱ्यात. आठवड्याहून जुनं अंडं ठेवायचं नाही. तिलाच बसवलं असतं तर पुढची अंडी थांबली असती, म्हणून खालांच्या घरची खुडूक गावठी कोंबडी मागून आणली. तिला डाल्याखाली पेंढ्यावर बसवलं.

सातव्या रात्री दिवे मालवून अंड्यांमागे टॉर्च धरला. पाचांत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरी. अम्मी दारातूनच बघत होती. जवळ काही आली नाही.

एकविसाव्या दिवशी चार पिल्लं बाहेर आली. पाचव्यानं चोचीनं टवका काढला आणि तिथेच थांबलं. हात शिवशिवत होते, पण घाईनं कवच सोललं तर पिल्लू रक्तबंबाळ होतं. ते गेलंच. उरलेल्यांना पहिल्या दिवशी दाण्याची घाई नसते, पोटात ओढलेला बलक त्यांना दोन दिवस पुरतो. ऊब मात्र हवीच. सातव्या दिवशी राणीखेतची लस, डोळ्यात एकेक थेंब. ही लस चुकवून पस्तावलेली घरं आमच्या मोहल्ल्यात कमी नाहीत.

चारांत तीन नर निघाले, एकच तलंग. अडीच-तीन महिन्यांतच नर एकमेकांवर धावू लागले, तिघांना वेगळं करावं लागलं. त्याच सुमारास एक माणूस झुंजीसाठी नर मागायला आला. किंमतही बरी सांगत होता. पण कोंबडे झुंजवणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्या दीनमध्येही त्याला मनाई आहे. मी काही म्हणायच्या आत अम्मीनंच त्याला वाटेला लावलं.

तलंगीची जोडी तिच्या भावाशी किंवा बापाशी लावायची नाही, पुढची पैदास कमजोर होत जाते. म्हणून पलीकडच्या गावातल्या एका शौकीन घराशी नराची अदलाबदल केली. नवा नर गेल्या जुम्याला आला. तलंग अजून अंड्यावर आलेली नाही, पण अम्मीनं बुरुडाकडून नवं डालं विणून आणलंय.